परक्या शेतातलं दुःख

फ्रान्समध्ये ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं, ऐकायचाय? मग पॅरिसमध्ये वेळ घालवू नका, सरळ नैऋत्येला जा. कोन्याक, काओर, मोंतोबां, विलफ्रांश-द-रुएर्ग. भाड्याची गाडी, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे आणि सूर्यफुलं, दुपारी बारा ते दोन सगळी दुकानं बंद.

कोन्याक हे ब्रँडीचं गाव. पिंपांतून उडणाऱ्या मद्याच्या वाफेवर एक बुरशी पोसली जाते, तिने गोदामांच्या भिंती काळ्याठिक्कर करून टाकल्यात. इथे १९९४ पासून दर जुलैत ब्लूजचा महोत्सव भरतो. मी गेलो तेव्हा बागेतल्या मंचासमोर बहुतेक पिकल्या केसांचे लोक, अनेकांसोबत नातवंडं. माझ्या शेजारच्या आजोबांना इंग्रजीत रस्ता सांगताना घाम फुटला होता, पण गाणं सुरू झाल्यावर शब्द न् शब्द त्यांच्या ओठांवर! हे प्रेम दिखाऊ नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी थोडा तिरका बोलणार आहे.

या प्रेमाचा पाया घालणाऱ्यांत एक माणूस मोठा विक्षिप्त होता. ह्यूग पानासिए. १९३२ मध्ये हॉट क्लब द फ्रान्स ही जॅझप्रेमींची संघटना उभी करणाऱ्यांपैकी एक, पुढे मोंतोबांसारख्या आडगावी राहिला. राजकारणात कट्टर उजवा, राजेशाहीवाद्यांच्या गोटातला. बीबॉपला, म्हणजे १९४० च्या दशकातल्या नव्या वळणाच्या जॅझला, तर तो जॅझ मानायलाच तयार नव्हता. पण बिग बिल ब्रून्झी या काळ्या अमेरिकन ब्लूज गायकाला १९५१ मध्ये फ्रान्सला आणण्यात पुढाकार याच गृहस्थाचा. त्याचा रेकॉर्डसंग्रह आज विलफ्रांशच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आहे. गुरुवारी चौकात चीज आणि कोंबड्यांचा बाजार भरतो, असलं गाव!

आणि १९५९ मध्ये झाक देमेत्र आणि मार्सेल शोव्हार हे दोन फ्रेंच शौकीन थेट न्यूयॉर्क, डेट्रॉईट, शिकागोला गेले. ज्या वस्त्यांत गोरे अमेरिकन फिरकत नसत तिथे जाऊन बारमध्ये बसले, गायकांशी बोलले, आणि 'जॅझ हॉट' मासिकात सगळं लिहून काढलं. अमेरिकेला आपल्याच घरातल्या माणसांची फिकीर नव्हती तेव्हा हे लोक नोंदी ठेवत होते. याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच.

आता माझी तक्रार.

ब्रून्झी दोन दशकं शिकागोत सुटाबुटात, बँड घेऊन गाणारा पक्का शहरी कलाकार. युरोपला मात्र हवा होता एकटा, गिटार घेतलेला, शेतातून नुकताच उठून आलेला काळा माणूस. ब्रून्झी हुशार, त्याने तसा माणूस उभा करून दिला. वर्णभेदावर थेट बोट ठेवणारं त्याचं जे गाणं अमेरिकेतल्या कंपन्यांनी नाकारलं होतं, ते पॅरिसमध्येच १९५१ मध्ये रेकॉर्ड झालं. टाळ्या पडल्याच असणार. पडायला काय हरकत होती? गुन्हा अमेरिकेचा होता.

दहा वर्षांनी, १७ ऑक्टोबर १९६१ ला, त्याच पॅरिसमध्ये फक्त अल्जीरियनांवर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध अल्जीरियन माणसं रस्त्यावर उतरली. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्याच ताब्यात होता. पोलिसांनी मारलं, काहींना सेन नदीत फेकलं, अकरा हजारांहून अधिक लोकांना पकडलं. त्यातल्या हजारोंना पाले दे स्पोर या सभागृहात कोंडलं होतं. मग तिथून हलवलं, कारण २० तारखेला सभागृह हवं होतं. कशासाठी? रे चार्ल्स या काळ्या अमेरिकन गायकाच्या मैफलीसाठी.

हे वाचल्यापासून कोन्याकच्या त्या आजोबांकडेही मला नीट निर्मळ नजरेने पाहता येईना. त्यांचा काय दोष, हे कळतं. पण मंचावर काळे कलाकार आणि खाली मळ्यात राबणाऱ्या उत्तर आफ्रिकन मजुरांपैकी कुणी दिसत नाही, हेही दिसतंच ना.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. माझ्या एका पुणेकर मित्राकडे ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या जुन्या तबकड्या आहेत, मिसिसिपीतल्या वेठबिगारीवर तो तासभर बोलू शकतो. वामनदादा कर्डकांचं एक गाणं म्हण म्हटलं तर गप्प. आणि हा देश-प्रांत असा, की इथल्या पोरांनी १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर काढली!

अमेरिकन ब्लूज पियानोवादक मेम्फिस स्लिम १९६२ मध्ये पॅरिसला स्थायिक झाला, १९८८ मध्ये तिथेच वारला. फ्रान्सने त्याला दिलेला मान खरा होता, यावर मी वाद घालणार नाही. पण मालीच्या अली फार्का तूरे या गिटारवादकाचं बघा. माली १९६० पर्यंत फ्रान्सचीच वसाहत, म्हणजे हा माणूस त्यांच्याच राज्यात जन्मलेला. तरी त्याचं गिटार पश्चिमेच्या कानांवर पडलं ते 'आफ्रिकेचा जॉन ली हुकर' या बिल्ल्यासकट, म्हणजे एका अमेरिकन ब्लूज गायकाच्या नावाने. तो वैतागायचा. हुकर जे वाजवतो ते मूळचं आमच्याकडचं, असं ठणकावून सांगायचा.