‘एल’ने सुरू होणारा कोड

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या चुलतभावाने लिहिले, की आयआयटीत मुलींसाठी जागा ठेवल्याने हुशार मुलांवर अन्याय होतो आणि दर्जाही घसरतो. त्याचा मुलगा बारावीला आहे, त्यामुळे त्याची काळजी मला कळते. पण 2018 पासून मुलींना मिळणाऱ्या या जागा अतिरिक्त आहेत. त्यांच्यासाठी मुलांची एकही जागा कमी केलेली नाही आणि जेईई ॲडव्हान्स्ड मुलींनाही पार करावीच लागते. मग घसरले ते काय?

गुणवत्ता पुरेशी असती, तर मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवतांना, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींना, 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून नाकारले नसते. त्या हटून बसल्या, तेव्हा कुठे वर्षभरासाठी अटी घालून प्रवेश मिळाला. 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

मी जर्मनीत श्टुटगार्टला गाड्यांच्या ब्रेकच्या सॉफ्टवेअरवर काम करते. आमच्या चौदा जणांच्या गटात बायका दोनच, आणि दुसरीही भारतातलीच, मदुराईची. इथे 2001 पासून दरवर्षी गर्ल्स डे होतो. शाळकरी मुली येतात, टेस्ट बेंचवर ब्रेक दाबून पाहतात, खूश होऊन जातात. पुढे किटा, म्हणजे पाळणाघर, साडेतीनला बंद होतो आणि टाइलत्साइट, म्हणजे अर्धवेळ काम, आईच घेते. मीही सहा वर्षे घेतली. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या वर्गात मुली दिसल्या तर कुणी वळून पाहत नाही, याचा मला इथे बसून अभिमान वाटतो. भावाला नेमके तेच खुपावे, याचा म्हणूनच जास्त राग आला.

इतकी वर्षे बाहेर राहून तू कशाला बोलतेस, असे तो म्हणेल. पण बोलायला माझ्यापाशी कारण आहे, आणि ते मी घरात कधी उघड केलेले नाही. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात मुलींसाठी 30 टक्के जागा असतात. माझ्या प्रवेशपत्रावरचा कोड ‘एल’ने सुरू होत होता, म्हणजे लेडीज. सर्वसाधारण यादीत त्या कॉलेजला माझा नंबर लागत नव्हता. बाबांनी गल्लीभर पेढे वाटले, ‘मेरिटवर लागली’ असे सांगत. तो कागद मात्र कपाटात घडी घालून ठेवला. मी त्यांना कधी दुरुस्त केले नाही.

काल भावाला उत्तर लिहायला बसले. आयआयटीचे आकडे खोडून टाकले आणि पहिल्या ओळीत तो कोड लिहिला.