‘नावं घ्या, पैसे टाका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली होती. लगेच उत्तर द्यायला बसले असते तर शब्दाने शब्द वाढला असता, म्हणून एक दिवस जाऊ दिला. तरीही काही ठिकाणी सूर चढला तर समजून घ्या. तुमचाही फार खाली नव्हता.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एनआरएलडब्ल्यू, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या महिलांच्या व्यावसायिक रग्बी लीग स्पर्धेत 24 जणींचा संघ कसा उभा करावा, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर तुम्ही म्हणता की हा सगळा ‘हिशेबनिसाचा खेळ’ आहे, मी उंटावरून शेळ्या हाकते आहे, ‘बायकांच्या सामन्यांना एवढा जमाखर्च कशाला’, माझा तक्ता जुना आहे, स्थानिक मुलींचा आणि नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांचा मी विचार केलेला नाही, आणि शेवटी : ‘दोन-तीन मोठी नावं घ्या, पैसे टाका, बाकीच्या जागा कुणीही भरेल, नाइट्सनी तेच केलं आणि जिंकले.’ (नाइट्स म्हणजे याच स्पर्धेतला न्यूकॅसलचा क्लब.)

आधी जे खरं आहे ते मान्य करते. तक्त्यात मी दहा क्लब धरले होते. ती 2023 आणि 2024 ची स्थिती. 2025 पासून वॉरियर्स परत आले, कँटरबरी-बँक्सटाउन बुलडॉग्ज नव्याने आले आणि क्लब 12 झाले. चूक माझी, तक्ता दुरुस्त करते आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता ते ‘बायकांच्या सामन्यांना एवढा जमाखर्च कशाला’. हे वाक्य तुम्ही ओघात लिहिलं असेल, पण मला ते वाचून पुढे जाता आलं नाही. पुरुषांच्या संघाची पगारमर्यादा (सगळ्या खेळाडूंच्या पगारांची मिळून कमाल रक्कम), करारांची मुदत, बाकावर किती प्रॉप (पुढच्या फळीतले धिप्पाड खेळाडू) बसवायचे यावर पानंच्या पानं लिहिली जातात आणि त्याला अभ्यास म्हणतात. तेच महिलांच्या संघाबद्दल लिहिलं की जमाखर्च? जिथे पैसा कमी आणि यादी लहान, तिथे हिशेब जास्त बारकाईने करावा लागतो, कारण एका चुकीच्या कराराला झाकायला मागे काही शिल्लकच नसतं.

आणि उंटाबद्दल. 2018 मध्ये ही स्पर्धा चार संघांनिशी सुरू झाली : ब्रॉन्कोज, रूस्टर्स, ड्रॅगन्स आणि वॉरियर्स. तेव्हापासून आजपर्यंतच्या प्रत्येक हंगामाची प्रत्येक यादी मी जागेनुसार नोंदवून ठेवली आहे. मी कुठल्या क्लबच्या कचेरीत बसत नाही हे खरं. पण कोणत्या संघाने कोणत्या जागेवर किती जणी ठेवल्या आणि शेवटच्या फेऱ्यांत कोणाची दमछाक झाली, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. तुम्ही मूळ लेख पूर्ण वाचला असता तर हा टोमणा लिहिला नसता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता नाइट्स. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत हे एकच वाक्य असं आहे की ज्याला नीट उत्तर द्यायला हवं.

न्यूकॅसल नाइट्सचा पहिला हंगाम 2021 चा. तो लांबला आणि प्रत्यक्षात 2022 च्या सुरुवातीला खेळला गेला. पाच सामने, पाच पराभव. त्याच वर्षी पुढचा हंगाम झाला आणि ते विजेते ठरले, अंतिम सामन्यात पॅरामॅटा ईल्सवर 32-12. मधल्या काही महिन्यांत ब्रॉन्कोजकडून फुलबॅक (सर्वांत मागे उभी राहणारी) टमिका अप्टन आणि प्रॉप मिली बॉयल आल्या. म्हणून तुम्ही म्हणता की नावं घेतली आणि जिंकले.

पण ती नावं कोणत्या जागांची होती ते बघा. फुलबॅक हा कण्याचा भाग. फुलबॅक, दोन हाफ (हाफबॅक आणि तिची जोडीदार) आणि हुकर या चौघींच्या हाताला चेंडू सर्वांत जास्त लागतो, म्हणून लीगमध्ये त्यांना कणा म्हणतात. बॉयल मधल्या फळीतली, मैदानाच्या मध्यावरून चेंडू पुढे रेटणारी. आणि हाफबॅकला होती जेसी साउथवेल, अवघी 17 वर्षांची, त्याच भागातली. सामन्याची दिशा ठरवणारी जागा त्यांनी बाजारातून महागात विकत घेतली नाही. कणा, मग मधली फळी, आणि मग बाकीचं : माझ्या लेखात हाच क्रम आहे. पुढच्या वर्षी बॉयल रूस्टर्सकडे गेली. नाइट्स 2023 मध्ये पुन्हा जिंकले, टायटन्सवर 24-18. नुसत्या नावावर संघ उभा असता तर नाव गेल्यावर तो खाली यायला हवा होता.

दुसरं, 2022 मधला बाजार आज नाही. तेव्हा करार एका हंगामाचे असत, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक खेळाडू दर वर्षी मोकळी. दोन हंगामांच्या मधल्या वेळात अख्खा संघ बदलणं शक्य होतं. 2023 पासून अनेक वर्षांचे करार करता येतात आणि चांगल्या खेळाडू ते करतातही. शिवाय तेव्हा क्लब सहा होते, आज 12. प्रत्येकी 24 धरल्या तर 144 जागांच्या 288 झाल्या. तीन वर्षांत जागा दुप्पट झाल्या, अव्वल हाफबॅक काही दुप्पट झाल्या नाहीत. त्यामुळे ‘नाव घ्या’ म्हणताना ते नाव कोणाच्या करारात, कधीपर्यंत अडकलेलं आहे, हे आधी पाहावं लागतं.

आणि ‘पैसे टाका’. कुठले? 2023 मध्ये पगारमर्यादा 9,00,000 ऑस्ट्रेलियन डॉलर होती आणि किमान पगार 30,000. 24 जणींना नुसता किमान पगार दिला तरी 7,20,000 जातात. हातात राहतात 1,80,000. समजा दोघींना प्रत्येकी 90,000 दिले. किमान पगारावरचे 60,000 प्रत्येकीचे, म्हणजे 1,20,000 तिथेच संपले. उरलेल्या 60,000 मध्ये 22 जणी. डोई 2,727 डॉलर. एवढ्यात अनुभवी हुकर किमान पगारावरून वर कशी आणणार? ती दुसरीकडे 10,000 जास्त मिळताहेत म्हणून जाणार, आणि तिला दोष देता येणार नाही.

2027 पर्यंत मर्यादा साधारण 15 लाखांवर जाते, पण किमान पगारही 50,600 होतो. 24 गुणिले 50,600 म्हणजे 12,14,400. मोकळे राहतात सुमारे 2,85,000. म्हणजे मर्यादा सहा लाखांनी वाढली तरी खेळायला मिळणारा पैसा लाखभरानेच वाढला. किमान पगार वाढला याचा मला मनापासून आनंद आहे, तो आणखी वाढावा. पण संघ बांधणाऱ्याने हे आकडे डोळ्यांसमोर ठेवूनच बोलायला हवं.

राहिलं ‘बाकीच्या जागा कुणीही भरेल’. मला सर्वांत जास्त लागलं ते हे, कारण सामने हरले जातात ते याच जागांवर.

हुकर घ्या. प्रत्येक टॅकलनंतर, म्हणजे पकडून पाडल्यावर, खेळाडू चेंडू पायाने मागे सरकवते, तो जमिनीवरून उचलून पहिला पास देते ती हुकर. एका सेटमध्ये, म्हणजे चेंडू आपल्याकडे असताना मिळणाऱ्या सहा टॅकलांत, पाच-सहा वेळा. बचावात ती मधोमध उभी असते, त्यामुळे टॅकलही तिच्या वाट्याला सर्वांत जास्त येतात. एकच हुकर ठेवली तर शेवटच्या वीस मिनिटांत काय होतं? आधी तिचे पाय जातात. ती चेंडूपाशी अर्धं पाऊल उशिरा पोचते. वाकून उचलायच्या ऐवजी ओढून फेकते, पास हाफच्या छातीवर न जाता गुडघ्यावर जातो. हाफला तो घेण्यासाठी थांबावं लागतं, तेवढ्यात समोरची फळी दोन मीटर पुढे आलेली असते आणि पाचव्या टॅकलनंतरची किक दबावाखाली, आखूड पडते. बघणारे म्हणतात हाफबॅकने घाण केली. बिघाड दोन पावलं मागे, हुकरच्या दमलेल्या पायांत असतो. म्हणून दोन हुकर, आणि दुसरी बाकावर, जमल्यास लॉकलाही (प्रॉपच्या जोडीला मधल्या फळीत) खेळू शकणारी. करार करण्यापूर्वी तिला दोन्ही बाजूंना, दमलेल्या अवस्थेत, जमिनीवरून पास देताना पाहा. ताज्या पायांनी सगळ्याच छान पास देतात.

मधली फळी. दोन प्रॉप आणि एक लॉक, तीन जागा, सामना 70 मिनिटांचा. म्हणजे 210 मिनिटं भरायची. प्रॉप पहिल्यांदा साधारण 20 ते 25 मिनिटं खेळते, बाहेर येते, उत्तरार्धात पुन्हा 15 ते 20. सहा जणींत वाटलं तर सरासरी 35 मिनिटं, झेपतं. आता एकीला दहाव्या मिनिटाला डोक्याला मार बसला. 15 मिनिटांची तपासणी; त्यात नापास झाली तर ती त्या दिवशी परत येत नाही. उरल्या पाच जणी, सरासरी 40 मिनिटं. आणि मेंदूला मार लागल्याचं निदान झालं तर सर्वसाधारणपणे किमान 11 दिवस विश्रांती, म्हणजे पुढच्या आठवड्याचा सामनाही गेला. तिथे सातवी लागते. ती किमान 20 मिनिटं पूर्ण वेगाने धावून चेंडू नेणारी आणि परत दहा मीटर मागे जाऊन फळीत उभी राहणारी असावी लागते. नुसतं वजन पाहून घेतलेली प्रॉप पहिल्या दोन धावा जोरात करते आणि नंतर बचावात मागे पोचतच नाही. तिच्या शेजारच्या फटीतून समोरची हुकर पळते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पाच प्रॉप आणि दोन लॉक, त्याखाली मी जाणार नाही.

गुडघ्याचं तर बोलायलाच नको. एसीएल (गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध) फाटलं की 9 ते 12 महिने, म्हणजे पूर्ण हंगाम, आणि महिला खेळाडूंमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे. 2025 मध्ये साखळीच्या फेऱ्या 11 होत्या. तिसऱ्या फेरीत हाफबॅक गेली आणि मागे फक्त एकच हाफ उरली, तर हंगाम तिथेच संपतो. म्हणून तीन हाफ. त्यांतली तिसरी शक्यतो डाव्या पायाने किक मारणारी, म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंनी किक मिळते.

उरलेल्या जागा भराभर सांगते, लेखात सविस्तर आहेत. सेकंड रोच्या (मधल्या फळीच्या दोन्ही बाजूंना खेळणाऱ्या) चार, कारण डावीकडची खेळाडू उजवीकडे नेली की तिचा टॅकलचा खांदा बदलतो आणि आठवडाभरात ते जमत नाही. सेंटर (विंगच्या आतल्या बाजूला) तीन, फुलबॅक दोन, विंग (अगदी कडेला) तीन. ‘विंगला तीनच?’ असंही तुम्ही विचारलंत. हो. सेव्हन्स (सात जणींची रग्बी) किंवा टचमधून (टॅकलऐवजी नुसता स्पर्श असलेला खेळ) आलेल्या वेगवान मुलीला सर्वांत लवकर बसवता येते ती याच जागेवर. सेव्हन्समधून आलेली एमा टोनेगाटो फुलबॅकला उभी राहिली आणि 2021 च्या हंगामाचं डॅली एम पदक (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिली बॉयलसोबत तिला विभागून मिळालं. पण ती आधी लीग खेळलेली होती, हे विसरू नका. नवख्या मुलीला आधी विंग द्या. तिथेही दोन चुका ठरलेल्या : उंच किकखाली उशिरा उभं राहणं, आणि घाबरून आत धावत जाऊन बाहेरची विंगर मोकळी सोडणं. दर सरावात तीसएक उंच चेंडू, समोरून धावून येणाऱ्या खेळाडूसकट, आणि दुसऱ्या चुकीसाठी शेजारच्या सेंटरशी बोलत राहण्याची सवय. यादीतली शेवटची जागा भरण्यापूर्वी एकदा मोजा की कन्व्हर्जन (ट्राय, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवल्यानंतरची जादा गुणांची किक) घेणाऱ्या किती जणी आहेत. एकच असेल तर ती बाकावर गेल्यावर प्रत्येक ट्रायमागे दोन गुण सोडल्यासारखं आहे.

करारांची मुदत मात्र लेखात राहून गेली होती, ती इथे लिहिते. सगळे करार एकाच वर्षी संपू देऊ नका. साधारण आठ-आठ-आठ असे तीन वर्षांत विभागा. लांब करार कण्यातल्या तरुण मुलींना, एक वर्षाचा करार तिशीपुढच्यांना आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतणाऱ्यांना. ज्या क्लबच्या 15 जणी एकाच वर्षी मोकळ्या होतात त्याला खेळाडूंचे दलाल भाव सांगतात आणि तो मुकाट्याने देतो.

स्थानिक मुलींचा मुद्दा : 19 वर्षांखालच्या टार्शा गेल कपमधून कोण वर येतं हे मी पाहते, तुमच्यापेक्षा कमी नाही. नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांचा विषय वेगळा आहे, या लेखाचा नव्हता. त्यावर इथे वाद घालायची माझी तयारी नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा. जागा आणि आकडे घेऊन लिहा, उत्तर देईन. ‘हिशेबनीस’ वगैरे लिहिलंत तर प्रतिक्रिया ठेवीन पण उत्तर देणार नाही. तक्त्यातले क्लब आज रात्री 12 करते आहे. मधल्या फळीचा आकडा सातच राहील.