पेट स्कॅनचं वेगळं आहे

स्कॅनविषयीच्या एका लेखात ‘स्कॅनच्या वेळी हललं नाही म्हणजे झालं’ असं वाक्य आहे. ते पेट स्कॅनला, म्हणजे मुख्यतः कर्करोग शोधायच्या तपासणीला, पुरत नाही. तिथे किरणोत्सारी साखर टोचतात; कर्करोगाची गाठ ती जास्त ओढून घेते आणि चित्रात उजळते. पण ताठ राहिलेला, नुकताच राबलेला स्नायूही ती ओढून घेतो आणि तसाच उजळतो. म्हणून इंजेक्शननंतर तासभर सैल, गप्प पडून राहायचं. बोलत राहिलं तर स्वरयंत्राचे स्नायूसुद्धा उजळतात!

आमचे चुलते कोल्हापूरच्या तालमीतले. आदल्या संध्याकाळी जोर-बैठका मारून गेले, कारण कुणी नको म्हटलंच नव्हतं. खांदे-मांड्या चमकल्या आणि घरच्यांचा जीव टांगणीला. डॉक्टरांनी व्यायामाचं विचारलं तेव्हा उलगडा झाला. रुग्णालयांनो, स्कॅनआधी किमान 24 तास मेहनत बंद, ही सूचना तारीख देतानाच मराठीत लेखी द्या. थंडीत पहाटे गडहिंग्लजहून मोटरसायकलवर येणाऱ्यांना उबदार कपडे घालायलाही सांगा, गारठ्याने मानेजवळची चरबीही उजळते.