कोपराला जपा

समजा, उद्या एखादा अर्थशास्त्रज्ञ वही घेऊन तुमच्या दारात आला आणि म्हणाला, ‘अपघातात मरायची शक्यता थोडी कमी करून दिली, तर किती पैसे मोजाल?’ गोंधळू नका. ही मंडळी असल्या उत्तरांवरूनच माणसाच्या जिवाची किंमत काढतात. त्याला चहा पाजा आणि कोपऱ्यावरच्या चौकात न्या. आपले दर तिथे उघड्यावरच लागलेले असतात.

गाडीच्या नाकाशी लटकणारी लिंबू-मिरची आधी दाखवा. शनिवारचे वीस रुपये धरले तर वर्षाला हजारावर जातात. तेवढ्यात आयएसआय हेल्मेटही येतं म्हणा, पण त्यानं केस गळतात. घ्यायचंच झालं तर फुटपाथवरचं दोनशेवालं घ्या आणि कोपरात अडकवा. सिग्नलला मामा दिसेपर्यंत ते तिथेच बरं. कोपर मोडलं तर भाकरी मोडायची पंचाईत. डोक्याचं एवढं काय, एरवी तरी ते कुठे वापरात असतं? 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांपैकी 50,029 जण दुचाकीवर बिनहेल्मेटचे होते. केस गळाल्याची त्यांची एकही तक्रार नाही.

सक्ती झालीच तर मोर्चा काढा. पुण्यात जानेवारी 2019मध्ये निघाला होताच. ‘आधी खड्डे बुजवा’ ही घोषणा बिनतोड आहे. खड्डे बुजत नाहीत, त्यामुळे तुमचा मुद्दा कधीच संपत नाही.

आपण पैसे सोडत नाही, असं मात्र पाहुण्याला म्हणू देऊ नका. सीटबेल्ट न लावता गाडीची टिंगटिंग बंद करणारी क्लिप लोक विकत घेत होते. 2023 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ती शॉपिंग साइटांवरून काढायला लावली, तेव्हा 13,118 ठिकाणी ती विक्रीला लावलेली निघाली. गिऱ्हाईक असल्याशिवाय दुकानदारांना एवढा हुरूप येतो का?

अपघातांपायी देशाच्या जीडीपीचे 3 टक्के जातात, असं गडकरी सांगतात. जाईनात का! क्रेनवाला, डेंटिंग-पेंटिंगवाला, हाडांचा डॉक्टर, आयसीयूचं बिल, सगळ्यांचा धंदा होतो आणि तो जीडीपीतच धरला जातो. कमावता गेल्यावर विकलेले दोन गुंठे आणि मुलीचं सुटलेलं कॉलेज यांच्यासाठी पाहुण्याच्या वहीत रकाना आहे का, ते तेवढं विचारून घ्या.

वाटेत कुणी पडलेलं दिसलं तर थांबा, पण व्हिडिओपुरतं. मदत करणाऱ्याला कोर्टकचेरीचा त्रास नको म्हणून कायद्यात 2019मध्ये कलम 134अ घातलं, वेळेत दवाखान्यात नेणाऱ्याला सरकार 25,000 रुपयेही देऊ करतं. पण व्हिडिओला लाइक लगेच मिळतात.

पाहुणा एव्हाना स्टेशनवर जायची घाई करू लागेल. बसवा गाडीवर. तो तुमच्या कोपरातल्या हेल्मेटकडे बघेल. देऊ नका. मागे बसणाऱ्यानं धरायचं ते कडीलाच.