‘ऑडिटर हा शिकारी कुत्रा नाही’: अर्ध्यावर तोडलेलं वाक्य

एखाद्या पतसंस्थेत ठेवी अडकल्याची चर्चा सुरू झाली की बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या मोबाईलवर एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्यात लिहिलेलं असतं: घोटाळा शोधणं हे ऑडिटरचं काम नाही, कोर्टानेच तसं सांगितलंय, संचालकांनी लेखी हमी दिली की त्याची जबाबदारी संपली, संशय आला तरी गोपनीयतेमुळे तो बोलू शकत नाही, ऑडिट कमिटीला सांगणं म्हणजे एमडीच्या कानात सांगणं, आणि फारच झालं तर राजीनामा देऊन मोकळं व्हायचं. आर्टिकलशिप करणारी मुलंही हा मजकूर विश्वासाने पुढे पाठवतात. त्यातला एकही मुद्दा जसाच्या तसा खरा नाही आणि दोन तर सरळ कायद्याच्या विरुद्ध आहेत. एकेक घेऊ.

‘कोर्टानेच सांगितलंय’

हे कोर्ट इंग्लंडचं, साल १८९६, खटला किंग्स्टन कॉटन मिलचा. मिलच्या मॅनेजरने कापूस आणि सुताचा साठा वर्षानुवर्षं फुगवून दाखवला होता. ऑडिटरांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला आणि अपील कोर्टाने त्यांना जबाबदारीतून सोडलं. न्यायमूर्ती लोप्स यांचं ‘ऑडिटर हा राखणदार कुत्रा आहे, शिकारी कुत्रा नव्हे’ हे वाक्य तिथलं. पण त्याच निकालात ते पुढे म्हणतात की संशय यावा असं काही दिसलं, तर ऑडिटरने त्याचा तळापर्यंत छडा लावला पाहिजे. फिरणाऱ्या मजकुरात हा भाग कधीच नसतो.

शिवाय व्यवसाय १८९६ मध्ये थांबलेला नाही. १९३८ मध्ये अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स कंपनीचा साठा आणि येणी मोठ्या प्रमाणात खोटी निघाली. त्यानंतर साठा स्वतः उभं राहून पाहणं आणि ज्यांच्याकडून पैसे येणं आहे त्यांच्याकडून थेट खातरजमा करणं हा ऑडिटचा नेहमीचा भाग झाला. म्हणजे किंग्स्टनच्या ऑडिटरांनी जे केलं, तेवढ्यावर आज कुणाची सुटका होणार नाही. भारतात आज घोटाळ्याबाबत ऑडिटरने काय करायचं ते सांगणारं एसए २४० हे ऑडिट मानक लागू आहे. कंपनी असो, कर्नाटकातली सौहार्द सहकारी संस्था असो की बहुराज्य पतसंस्था, सीए स्वतंत्र ऑडिट करतो तेव्हा ते त्याला बांधील असतं.

त्या मजकुरात तथ्य आहे ते एवढंच: अफरातफर रोखण्याची पहिली जबाबदारी संचालकांची आणि व्यवस्थापनाची असते. ऑडिटर हमीदार नसतो. चार माणसांनी संगनमत करून खोटे कागद तयार केले, तर नीट केलेल्या ऑडिटमधूनही ते निसटू शकतात, हे मानकच मान्य करतं. पण तेच मानक पुढे सांगतं की हिशेबात मोठी चूक राहिलेली नाही याची वाजवी खात्री ऑडिटरने मिळवायची, मग ती चूक नजरचुकीची असो की मुद्दाम केलेली. विक्रीच्या नोंदीत घोटाळ्याचा धोका आहे असं गृहीत धरूनच सुरुवात करायची, आणि ज्यांच्या हाती सगळ्या चाव्या आहेत ते नियंत्रणं बाजूला सारू शकतात हा धोका प्रत्येक संस्थेत मानायचा. मालक कितीही सज्जन असला तरी.

हे ‘शोधणं’ प्रत्यक्षात कसं असतं ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीवरून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. इंडक्शन भट्टीत एक टन बीड (कास्ट आयर्न) वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. महिन्याचं बिल ३ लाख युनिटचं असेल तर ६०० च्या हिशेबाने फार तर ५०० टन धातू वितळला, आणि तोही सगळी वीज भट्टीलाच गेली असं धरून. प्रत्यक्षात कॉम्प्रेसर आणि सँड प्लँट त्यातलीच वीज खातात. वितळलेल्या धातूतला रनर-रायझर (ओतकामात कास्टिंगला जोडून राहणारा जादा धातू) आणि रिजेक्शन परत भट्टीत जातं. ६० टक्के उतारा धरला तर हाती ३०० टन चांगलं कास्टिंग येतं. खतावणीत विक्री ४२० टनांची असेल, तर ७०० टन धातू वितळायला हवा होता आणि त्याला ४ लाख २० हजार युनिट लागले असते.

एवढ्यावरून कुणी चोर ठरत नाही. महिन्याच्या सुरुवातीचा साठा मोठा असेल, काही कास्टिंग बाहेरून विकत घेतलं असेल, जॉबवर्क असेल. पण प्रश्न विचारावाच लागतो, आणि उत्तर तोंडी घेऊन चालत नाही. वजनकाट्याच्या पावत्या, ई-वे बिलं, ग्राहकाकडची माल मिळाल्याची पोच आणि लॉरीचा नंबर हे चारही एकमेकांशी जुळले पाहिजेत. विक्री फुगवण्यामागे बहुतेक वेळा बँकेची लिमिट असते. पाच कोटींवर खेळतं भांडवल मंजूर असलेल्या कंपनीने बँकेला दिलेली तिमाही स्टॉक स्टेटमेंट हिशेबाशी जुळतात का, हे कॅरो २०२० (ऑडिट अहवालात काय लिहायचं ते ठरवणारा केंद्र सरकारचा आदेश) खाली अहवालात लिहावंच लागतं. ज्यांना कॅरो लागू नाही अशा छोट्या प्रायव्हेट कंपन्यांतही ही जुळवणी दोन तासांत होते आणि तेवढ्यात बरंच कळून येतं.

पतसंस्थेत जागा वेगळ्या. पिग्मी एजंट रोज पैसे गोळा करतो, पासबुकात नोंद करतो आणि संस्थेत कमी भरतो. आजची तूट उद्याच्या वसुलीतून भरून काढतो. ही साखळी तुटेपर्यंत रोजकीर्द स्वच्छ दिसते. ती पकडायची तर खातेदारांची निवड ऑडिटरने स्वतः करायची आणि मूळ पासबुक खातेदाराकडून मागवायचं. मॅनेजरने काढून दिलेल्या यादीतली पासबुकं जुळतात, आणि चूक नेमकी इथेच होते. सोनेतारणात सीलबंद पाकिटं आपण निवडायची, एकूण आणि निव्वळ वजन करायचं, आणि संस्थेचा नेहमीचा सराफ सोडून दुसऱ्याकडून कस तपासून घ्यायचा. एकाच घरातली पाच कर्जं, किंवा पैसे न येता वर्षानुवर्षं नूतनीकरण होणारं कर्ज, ही तर उघड खूण.

‘संचालकांनी लिहून दिलं की संपलं’

लेखी निवेदन घ्यावंच लागतं, एसए ५८० तसं सांगतं. पण तेच मानक सांगतं की हे निवेदन एकटं पुरेसा पुरावा नाही. ‘आमच्या माहितीत कोणतीही अफरातफर नाही’ या कागदाने मुदत ठेवीची खातरजमा होत नाही.

७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून मान्य केलं की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. बँकेतली शिल्लक म्हणजे तपासायला सगळ्यात सोपी गोष्ट, म्हणून हे उदाहरण पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. पत्र ऑडिटरने पाठवायचं, पत्ता त्याने स्वतः शोधलेला असावा, उत्तर बँकेकडून थेट त्याच्या कार्यालयात यावं. संस्थेचा शिपाई पत्र घेऊन शाखेत गेला आणि संध्याकाळी शिक्का मारून परत आला, तर त्या कागदाला खातरजमा म्हणता येत नाही. आपल्याकडे हे ‘वेळ वाचतो’ म्हणून सर्रास चालतं, आणि ते बंद झालं पाहिजे.

‘गोपनीयता आड येते’

सीए कायदा १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीत अशिलाची माहिती फोडण्यावर बंदी आहे, बरोबर. पण त्याच कलमात ‘कायद्याने आवश्यक असेल ते सोडून’ असा अपवाद आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १४३(१२) ऑडिटरला घोटाळा कळवायला लावतं, म्हणजे तीच आवश्यकता निर्माण करतं, आणि १४३(१३) सांगतं की सद्भावनेने कळवलं तर ऑडिटरने कोणतंही कर्तव्य मोडलं असं मानलं जाणार नाही. उलट न कळवल्यास शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत पाच लाख आणि इतर कंपनीत एक लाख रुपये दंड आहे. महत्त्वाची बाब हिशेबात दडवणं हा तर त्याच दुसऱ्या अनुसूचीतला स्वतंत्र गैरवर्तनाचा प्रकार.

‘कमिटीला सांगणं म्हणजे एमडीच्या कानात सांगणं’

हा मुद्दा सगळ्यात घातक, कारण चांगले ऑडिटरही इथे सैल पडतात.

ऑडिट कमिटीत किमान तीन संचालक लागतात आणि त्यांत स्वतंत्र संचालकांचं बहुमत असावं लागतं. अहवालावर चर्चा होते त्या बैठकीत आपलं म्हणणं मांडायचा हक्क कलम १७७ ने ऑडिटरला दिलाय. मत देता येत नाही, बोलता येतं. अधिकारी किंवा कर्मचाऱ्याने कंपनीविरुद्ध अफरातफर केल्याचं मानायला कारण दिसलं, की जास्तीत जास्त दोन दिवसांत कमिटीला, आणि कमिटी नसेल तर संचालक मंडळाला, लेखी कळवायचं. रक्कम एक कोटी किंवा जास्त असेल तर उत्तरासाठी ४५ दिवस द्यायचे. उत्तर आल्यावर १५ दिवसांत आपला अहवाल, त्यांचं उत्तर आणि त्यावरचे आपले शेरे एडीटी-४ फॉर्ममध्ये केंद्र सरकारकडे जातात. उत्तर आलंच नाही तरी अहवाल जातो, ‘उत्तर मिळालं नाही’ अशा टिपेसह. तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या सचिवांना पाठवायचा. एक कोटीच्या आतलं प्रकरण केंद्राकडे जात नाही, पण कमिटीला दोन दिवसांतच सांगावं लागतं आणि ते संचालकांच्या अहवालात छापावं लागतं.

पत्रात काय लिहायचं? ‘काही खात्यांत फरक आढळले, लक्ष द्यावे’ हे वाक्य लिहिणाऱ्याने कुणालाच काही सांगितलेलं नसतं. घोटाळ्याचं स्वरूप आणि वर्णन, अंदाजे रक्कम, गुंतलेल्या व्यक्ती, या तीन गोष्टी नियमानेच लागतात. म्हणून असं लिहायचं: ‘एप्रिल ते डिसेंबर या काळात अमुक पुरवठादाराच्या २३ बिलांवर भंगाराची खरेदी दाखवली आहे. या बिलांसाठी गेट रजिस्टरला नोंद नाही, वजनकाट्याची पावती नाही. एकूण रक्कम सुमारे १ कोटी १८ लाख. बिलं खरेदी अधिकाऱ्याने मंजूर केली आहेत.’ वाचणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काय उघडून पाहायचं ते कळलं पाहिजे.

आणि हे कुणाशी बोलायचं? गुंतलेल्या माणसाच्या किमान एक पायरी वर. एमडीवर संशय असेल तर एमडीशी आधी ‘अनौपचारिक’ बोलणं म्हणजे पुराव्याला पाय फुटू देणं. बेळगाव भागातल्या बहुतेक कंपन्या प्रायव्हेट लिमिटेड, घरच्या. तिथे ऑडिट कमिटी नसते आणि मंडळात वडील, मुलगा, सून असतात. अशा ठिकाणी पत्र मंडळाच्या नावाने काढून प्रत्येक संचालकाच्या नोंदणीकृत पत्त्यावर वेगळं पाठवावं, म्हणजे एकानेच पाकीट उघडून ठेवून दिलं असं होत नाही. वरच्यांच्याच सचोटीबद्दल शंका असेल तर लगेच वकिलाचा सल्ला घ्यावा. एसए २४० तेच सुचवतं.

पतसंस्थांना १४३(१२) लागू नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. त्यांचा कायदा वेगळा. पण महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजपासून इकडच्या तालुक्यांपर्यंत सभासद असलेल्या बहुराज्य संस्थांना २०२३ च्या दुरुस्तीने लेखापरीक्षण आणि नीतिमत्ता समिती नेमणं बंधनकारक केलंय. ती समिती फक्त ठराव पुस्तकात असेल तर ऑडिटरने तिची बैठक मागावी. एसए २६० ला दोन्ही बाजूंनी चालणारा संवाद अपेक्षित आहे. इथे अहवाल कन्नड किंवा इंग्रजीत असतो आणि समितीतले कित्येक जण व्यवहार मराठीत करतात. म्हणून बैठकीत मुद्दा मराठीत उलगडून सांगायचा, शंका विचारू द्यायच्या, आणि नंतर तोच लेखी द्यायचा. तसं केलं की ‘आम्हाला कळलंच नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही.

‘राजीनामा देऊन मोकळं व्हायचं’

राजीनाम्यानंतर ३० दिवसांत एडीटी-३ फॉर्म भरावा लागतो आणि त्यात कारण लिहावं लागतं. ‘वैयक्तिक कारण’ लिहून निघणाऱ्यांसाठी राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाने २६ जून २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय की राजीनाम्याने घोटाळा कळवण्याची जबाबदारी जात नाही. दुसऱ्या कुणी आधी शोधला म्हणून आपण कळवायचं नाही, हीसुद्धा पळवाट तिथे बंद झाली. म्हणून क्रम असा: आधी दोन दिवसांत कमिटीला पत्र, मग ४५ दिवस आणि १५ दिवसांचा हिशेब कॅलेंडरवर, आणि मग जायचं असेल तर जायचं. बदलीवर येणारा ऑडिटर जुन्याला पत्र लिहून हरकत विचारतो, तेव्हा काय सांगायचं हेही त्या फाईलवरूनच ठरतं. ती फाईल अहवालानंतर ६० दिवसांत बांधून पूर्ण करायची आणि किमान सात वर्षं जपायची. त्यात पाठवलेल्या प्रत्येक पत्राची पोच लावलेली असावी.