कालवा बुजवण्याआधी त्याचा हिशेब मांडा

खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत मुठा कालव्याऐवजी बोगदा काढला, की गळती, बाष्पीभवन आणि चोरी थांबून दोन टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वर पाणी वाचेल, हे गणित बातम्यांतून आमच्यापर्यंत अमेरिकेत कोलोरॅडोतही पोचलं. राज्यात ठिकठिकाणी कालव्यातून फुटणाऱ्या उघड्या चाऱ्यांच्या जागी बंदिस्त नलिका घालायच्या, यामागेही हेच गणित आहे. मुलुंडला राहणारा माझा भाऊ फोनवर म्हणाला, “चांगलंच आहे की. पाणी वाया जाण्यापेक्षा बरं.” मी विचारलं, वाया जाऊन ते आजवर गेलं कुठे? त्याला सांगता येईना, आणि याबद्दल जे जे माझ्या वाचनात आलं त्यातही हे कुणी सांगितलेलं दिसलं नाही.

हा प्रश्न मला सोडून देता येत नाही, कारण इथे माझी रोजीरोटीच त्यावर आहे. कोलोरॅडोत शेतीचं पाणी शहराला द्यायचं किंवा नदीतून पाणी उचलण्याची जागा बदलायची, तर आधी पाणी न्यायालयासमोर जुना हिशेब मांडावा लागतो. कालव्याच्या मुखाशी दरवर्षी किती पाणी घेतलं, वाटेत किती मुरलं, शेताच्या तोंडाशी किती पोचलं, पिकाने प्रत्यक्षात किती प्यायलं आणि उरलेलं नदीत परत केव्हा आलं, हे सगळं त्यात येतं. पिकाने प्यायलं तेवढंच हलवता येतं. जे मुरून किंवा वाहून नदीला परत मिळत होतं, त्यावर खालच्या हक्कदारांची शेती उभी असते. ते पूर्वीच्याच वेळी, पूर्वीच्याच जागी पोचतं ठेवावं लागतं.

त्यासाठी आम्ही जुन्या वह्या चाळतो. पाटकऱ्याने पेन्सिलीने लिहिलेली गेजची, म्हणजे पाणी मोजायच्या पट्टीवरची, उंची, मधेच “दार अडकलं” किंवा “उंदरांनी बांध पोखरला” अशी नोंद, काही पानं पाण्याने फुगलेली. नोंद तुटते तिथे जुनी हवाई छायाचित्रं काढून ओलिताचं क्षेत्र मोजायचं आणि तापमान, पाऊस, पीक यांवरून गरज काढायची. कालव्यावरचा वहनव्यय, म्हणजे वाटेत होणारी पाण्याची घट, मात्र आकडेमोडीने ठरवत नाही. दोन ठिकाणी प्रवाह मोजून आवक-जावक ताडून पाहतो. एकाच कालव्याचे दोन तुकडे सारखे झिरपत नाहीत. मुरमातला तुकडा पाणी पितो, चिकणमातीतला धरतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात बहुतेकदा संकल्पनाचा, म्हणजे कालव्याच्या आराखड्यातला, आकडाच प्रत्यक्ष मानला जातो. ओली परिमिती (पाण्याला लागणाऱ्या तळाची आणि काठांची एकूण रुंदी) 10 मीटर, लांबी 100 किलोमीटर, म्हणजे ओलं क्षेत्र दहा लाख चौरस मीटर. बिनअस्तरीत, म्हणजे काँक्रीटचा थर नसलेल्या, कालव्याला तेवढ्या क्षेत्रामागे सेकंदाला साधारण 2.4 घनमीटर पाझर धरायचा, अस्तरीताला 0.6. पाणी सोडण्याच्या तीस दिवसांच्या आवर्तनात हा फरक पावणेपाच दलघमीच्या (दशलक्ष घनमीटर) आसपास भरतो आणि ‘बचत’ म्हणून अहवालात जातो. ते पाणी कुणाच्या विहिरीत उतरत होतं, याचा रकाना त्या कागदावर नसतो. खुद्द जलसंपदा विभागाच्या सिंचन अहवालांत लाभक्षेत्रातल्या विहिरींवरचं भिजलेलं क्षेत्र वेगळं दाखवलेलं असतं. त्या विहिरींना पाणी पाटाचंच मिळतं, हे नीरेच्या किंवा प्रवरेच्या पट्ट्यातला कुठलाही शेतकरी सांगेल.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला ऑल अमेरिकन कालव्याच्या सुमारे 37 किलोमीटर पट्ट्याला 2009 साली काँक्रीटचं अस्तर झालं. वर्षाला जवळजवळ तीन टीएमसी वाचले आणि ते सॅन डिएगोकडे वळले. पण तो पाझर सरहद्दीपलीकडे मेक्सिकालीच्या शेतकऱ्यांच्या विहिरी भरत होता. खटले झाले, तरी अस्तर झालंच. जमिनीखालून दोन देश जोडणारं पाणी वाचवलं म्हणताना एका बाजूचं काढून दुसऱ्या बाजूला दिलं गेलं होतं.

तरी इथलं सगळं डोक्यावर घेण्यासारखं नाही. कोलोरॅडोतल्या क्राउली काउंटीत शेतकऱ्यांनी कालव्याचे हक्क शहरांना विकले आणि हजारो एकर रान पडीक झालं. हिशेब नीट होता, कायदा पाळला गेला, गावं तरी उजाडली. शिवाय न्यायालयात उभं राहायला वकील आणि अभियंता परवडावा लागतो. लहान शेतकऱ्याला तो परवडत नाही. नाशिकजवळ वाघाडला शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था घनमापनाने, म्हणजे मोजून, पाणी घेऊन आपसात वाटतात, ती रीत मला इथल्या खटल्यांपेक्षा जास्त न्याय्य वाटते.

पण मोजणं सोडून चालणार नाही. राज्याच्या 2011-12 च्या आर्थिक पाहणीत दशकभरात सिंचित क्षेत्र जेमतेम 0.1 टक्का वाढल्याचं छापून आलं आणि मुंबईत सरकार हादरलं. पुढे अनेक वर्षं सिंचित क्षेत्राच्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असंच छापलं गेलं. आकडा अडचणीचा ठरला म्हणून तो छापायचंच थांबवायचं, हे राज्याला परवडणारं नाही.

मुंबईकरांनी यात गप्प बसू नये. शहराच्या पाण्याचा मोठा भाग भातसातून येतो. ते धरण पालिकेचं नाही, जलसंपदा विभागाचं आहे, आणि त्याच्याच उजव्या कालव्यावर शहापूरची शेती आहे. त्याच तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. उद्या एखाद्या कालव्यावर पाणी ‘वाचलं’, तर पहिला दावा शहरांचाच असेल. आणि नळातून आलं म्हणजे गळत नाही, हे तर मुंबईकरांना सांगायला नको. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी बंद जलवाहिन्यांतून येऊनही त्याचा मोठा हिस्सा गळती आणि चोरीत जातो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नलिका किंवा बोगदा मंजूर करण्याआधी त्या कालव्याच्या निदान वीस वर्षांच्या गेज नोंदी, पाळीपत्रकं (कुणाला केव्हा पाणी, याची वेळापत्रकं) आणि पाणी अर्ज संगणकावर आणावेत. भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी त्यांच्याशेजारी ठेवावी. उपग्रहांच्या चित्रांवरून भिजलेलं क्षेत्र ताडावं. मोजलेला वहनव्यय आणि संकल्पनातला वहनव्यय शेजारी-शेजारी छापावेत. पाझरावर जगणाऱ्या विहिरींची यादी गावाच्या चावडीवर लावावी आणि त्यांना बदल्यात किती पाणी, कुठल्या महिन्यात मिळणार, हे मंजुरीच्या आदेशातच लिहावं.