खापरं, हाडं आणि ‘अंदाज’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इनामगाव या पुणे जिल्ह्यातल्या, खोदाईत सापडलेल्या प्राचीन वस्तीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. लेखी पुरावा नसताना तिथले लोक काय खात, कसे राहत हे सांगणं म्हणजे खापरं-हाडं गोळा करून कादंबरी रचणं. कार्बनवरून काढलेला काळ शेकडो वर्षांनी चुकू शकतो. आणि तुमच्या शेतातही नांगरताना खापरं वर येतात, मग तिथेही एखादी ‘संस्कृती’ नांदत होती म्हणायचं का? हा तिसरा प्रश्न तुम्ही चिडून विचारलाय, पण मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. त्याकडे शेवटी येतो.

लेखी आहे म्हणून खरं, असं इतिहासकार धरत नाहीत. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याने क्षहरात या शत्रू राजघराण्याचा वंश निःशेष केला, असं त्यात म्हटलंय. नातवाच्या राज्यात, मुलाच्या पश्चात, आईने कोरवून घेतलेली ही स्तुती. नुसत्या तेवढ्यावर कुणी का विश्वास ठेवावा? पण १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,०००हून अधिक नाणी, क्षहरात राजा नहपानाची, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने पुन्हा आपला ठसा मारलेला. ज्याचा पराभव झाला त्याचं चलन जिंकणाऱ्याच्या टाकसाळीतून गेलं होतं. लेखाला वजन आलं ते या नाण्यांमुळे.

आता इनामगाव. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई केली आणि शंभराहून अधिक घरं उजेडात आणली. वस्ती साधारण इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातली. तिथले लोक जव खात हे कुणी कल्पनेने लिहिलेलं नाही. जळून कोळसा झालेलं धान्य कुजत नाही. ते दाणे तिथे मिळाले आहेत. सोबत जनावरांची हाडं आहेत, धान्याची कोठारं आहेत, पाण्याचा पाट आणि बांध आहे. यातलं प्रत्येक वेगळ्या जाणकाराने, वेगळ्या पद्धतीने तपासलेलं आहे.

कार्बनबद्दल तुमची शंका रास्त आहे. सजीवांच्या अवशेषांत असलेला किरणोत्सारी कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, हे पक्कं. पण जुन्या झाडाच्या खोडाचा कोळसा घेतलात तर घरापेक्षा झाडाचं वय हाती येतं. म्हणून एका हंगामात पिकून जळालेला दाणा अधिक भरवशाचा. हवेतलं कार्बन-१४चं प्रमाणही कायम नसतं, त्यासाठी झाडांच्या वलयांशी ताळा करावा लागतो. तरीही हातात येतो तो एक टप्पा, नेमकं साल कधीच नाही. पण थरांचा क्रम कार्बनवर अवलंबून नाही. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. इनामगावात माळवा आणि जोर्वे या दोन वेगळ्या घडणींची भांडी मिळतात; माळवा पद्धतीची खाली आणि जोर्वे पद्धतीची वर आहेत. तारखा थोड्या सरकल्या तरी हा क्रम उलटत नाही.

अंदाज कुठे सुरू होतो तेही सांगतो. तिथे लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांना खड्ड्यात पुरत, आणि त्यांची पावलं तोडलेली आढळतात. पावलं नाहीत, ही वस्तुस्थिती; सांगाडे समोर आहेत. मेलेला माणूस घर सोडून जाऊ नये, किंवा भूत होऊन फिरू नये, म्हणून तोडली असावीत, हा तर्क. मला तो पटतो, पण तो तर्कच. एका पुरुषाला मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलं होतं आणि त्याची पावलं शाबूत होती. तो कुणीतरी मानाचा असावा, हाही तर्क. उत्तरकाळात ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, हे जमिनीत दिसतं. पाऊसमान घटल्याने हलाखी आली, हे तिथे खोदाई केलेले पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांचं मत. त्यावर नंतरच्या अभ्यासकांनी प्रश्न उभे केले आहेत. ‘असावं’ आणि ‘आहे’ यांतलं अंतर या शास्त्रात रोज पाळावं लागतं.

आता तुमचं शेत. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ब्राँझचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ सापडला. चारींचं मिळून वजन साठ किलोहून जास्त. इतक्या देखण्या वस्तू, पण पद्धतशीर खोदाईतल्या थरातून त्या आलेल्या नाहीत. त्यामुळे त्या नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर तज्ज्ञांत मतभेद राहिले. थर हातचा गेला की वस्तू कितीही मोठी असो, तिचं बोलणं अर्धं होतं.

म्हणून कळकळीची विनंती. तुमच्या खापरांवरून मी आज काहीही म्हणणार नाही, ‘संस्कृती होती’ असंही नाही आणि ‘नव्हती’ असंही नाही. ती गोळा करून घरी आणू नका, धुऊ नका. कुठल्या गटात, बांधापासून किती अंतरावर, किती खोलीवर निघतात ते लिहून ठेवा. जागेवरच, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. राख, हाडं किंवा चोपलेली जमीन दिसली तर तेवढ्या पट्ट्यात खोल नांगर घालू नका आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. फोटो मलाही पाठवलेत तर मनापासून आवडेल.